भोसरीतली बंद प्लेटिंग शेड : जमीन साफ करतानाच्या नोंदी

दादानं भोसरी एमआयडीसीत शेड घेतली. प्लॉट ६०० चौरस मीटरचा, शेड ३,२०० चौरस फुटांची. आधी तिथं इलेक्ट्रोप्लेटिंग, म्हणजे विजेनं धातूचा मुलामा देणं, चालायचं, क्रोम आणि निकेल, शिवाय बॅरलमध्ये झिंक. गेली नऊ वर्षं सगळं बंद. निम्म्या शेडमध्ये दादाचं फॅब्रिकेशन आणि निम्म्यात वहिनीचं मसाल्याचं युनिट, असा बेत होता. मी केमिकलचा डिप्लोमा केलाय आणि अकरा वर्षं कारखान्यांचे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्लँट) चालवलेत, म्हणून जमिनीचं काम माझ्याकडे आलं. सांडपाणी मला कळतं. माती कळत नव्हती, ती या नऊ महिन्यांत चुका करत शिकले. अशीच जुनी शेड कुणी घेत असेल तर या नोंदी खरेदीखतावर सही करण्याआधी वाचाव्यात. आम्ही सहीनंतर शिकलो.

१२ जानेवारी २०२५

ताबा मिळाला. टाक्या मालकानं आधीच विकल्या होत्या, मागं उरले आम्लरोधक विटांचे ओटे, एक्झॉस्टचा डक्ट आणि सहा ड्रम. क्रोमच्या ओट्यामागची भिंत कमरेपर्यंत पिवळी, मधे मधे नारिंगी. डक्टच्या आत बोटभर जाड तपकिरी खपली. टाकीतून उडालेलं क्रोमिक ॲसिडचं धुकं वर्षानुवर्षं तिथं साचत गेलंय. मी डक्टला कुणाला हात लावू दिला नाही. ड्रमकडे मात्र नीट पाहिलं नाही.

१५ जानेवारी

पहिली चूक, आणि तीही माझ्या गैरहजेरीत. भंगारवाला ड्रम न्यायला आला, जड लागले म्हणून त्यानं दोन ड्रम मागच्या अंगणात उपडे केले. हिरवट-पिवळा गाळ चार फूट पसरला. दादाला भंगाराचे ११,००० रुपये मिळाले. तो गाळ, त्याखालची वीतभर माती आणि उरलेले चार ड्रम नीट भरून पाठवायला पुढे ३८,००० गेले. ताबा घेतल्या दिवशी गेटला कुलूप लावायचं आणि आतली वस्तू काय आहे हे कळेपर्यंत भंगारवाल्याला आत घ्यायचं नाही, एवढं केलं असतं तरी हे टळलं असतं.

२५ जानेवारी

मातीचे नमुने. पैसे वाचवायला पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना दिला. धातूंची पूर्ण यादी, १४,००० रुपये.

६ फेब्रुवारी

अहवाल आला. एकूण क्रोमियम १६८ मिलिग्रॅम प्रतिकिलो. सल्लागारानं तुलनेला कॅनडाचे आकडे दिले होते. औद्योगिक जागेसाठी एकूण क्रोमियम ८७. दादा घाबरला. मीही, पण दोन दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. आपली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेली. बेसॉल्टच्या मातीत मुळातच क्रोमियम आणि निकेल भरपूर असतं, कारखाना नसलेल्या शेतातही १०० च्या वर आकडा येऊ शकतो. म्हणजे १६८ या आकड्यातून विष किती आणि दगडाचा स्वभाव किती, हे कळायला मार्ग नाही. क्रोमियमचे दोन प्रकार, ट्राय (त्रिसंयुजी) आणि हेक्सा (षट्संयुजी). दगडातलं क्रोम ट्राय असतं, ते पाण्यात सहसा विरघळत नाही. प्लेटिंगचं क्रोम हेक्सा, ते पाण्याबरोबर धावतं आणि कर्करोगकारक आहे. मोजायला हवं होतं हेक्सा, आणि तेच मी यादीत घातलं नव्हतं.

शिवाय पाच ठिकाणची माती कालवली की एका जागचं भयंकर विष चार चांगल्या जागांच्या मातीत पातळ होतं. ते १४,००० पाण्यात गेले असं मी धरते.

१६ फेब्रुवारी

या कारखान्यात बावीस वर्षं काम केलेले एक मामा दिघीत राहतात, त्यांना घेऊन आलो. मालकानं आम्हाला दिलेल्या नकाशात क्रोमची टाकी पूर्वेच्या भिंतीला होती. मामा आत आले आणि सरळ ऑफिसच्या खोलीत जाऊन उभे राहिले. "ताई, पहिली टाकी हितं होती. ही खोली मागनं बांधली. गळायला लागली म्हणून तिकडं हलवली." टाकी नेमकी कुठवर होती त्यात त्यांचा दोनेक मीटरचा फरक पडला, कारण मधल्या काळात भिंत सरकवलेली. पण खोली बरोबर निघाली. जुनी नाली कुठून जायची तेही त्यांनी पायानं रेघ ओढून दाखवलं.

निघताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक आहे. क्रोमच्या धुक्यात काम करणाऱ्यांना होणारी ही जुनी, माहीत असलेली इजा. त्यांच्याबरोबरच्या आणखी दोघांना होती. कुणी त्यांना मास्क दिला नव्हता आणि हे क्रोममुळे झालंय हेही सांगितलं नव्हतं. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेले, छातीचा एक्स-रेही काढला. हे या प्रकल्पाच्या खर्चात मी धरलेलं नाही, पण काम म्हणून धरते.

१ मार्च

दुसरी फेरी, या वेळी मामांच्या रेघेवरून. नऊ जागा, प्रत्येक जागी तीन पातळ्यांवर, २७ नमुने, प्रत्येकी २,६०० प्रमाणे ७०,२०० रुपये. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला दिले. आम्ल घालायचं नाही, नाहीतर हेक्सा वाटेतच ट्राय होऊन आकडा खोटा कमी येतो.

हेक्सा क्रोम, मिलिग्रॅम प्रतिकिलोमध्ये : नकाशातल्या टाकीखाली वीतभर खोल २१०. ऑफिसच्या खोलीखाली तेवढ्याच खोलीवर १,२६०, एक मीटरवर ४१०, दोन मीटरवर ५५. जुन्या नालीच्या रेघेवर ९० ते १४०. बाकी अंगण ६ च्या आत. कॅनडाचा औद्योगिक आकडा १.४, राहत्या जागेचा ०.४. नकाशावर विसंबलो असतो तर सगळ्यात वाईट जागेवर दादाचं टेबल-खुर्ची आली असती.

प्लॉटवर एक बोअर आहे. त्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम ०.३१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ०.०५. बोअरची मोटर काढली, तोंडाला झाकण वेल्ड केलं, नमुना घेण्यापुरतं बूच ठेवलं. शेजारच्या दोन्ही गाळ्यांत अहवालाची प्रत स्वतः नेऊन दिली. एका गाळ्यात कामगार बोअरचंच पाणी पीत होते. त्यांनी त्याच आठवड्यात बंद केलं.

३० मार्च, गुढीपाडवा

शेडवर गुढी उभारायची ठरली होती, ती घरीच उभारली. जेवणानंतर वहिनीला आकडे दाखवले. सगळं साफ करून वर काँक्रीट टाकलं तर मसाल्याचं युनिट चालेल का, हा तिचा प्रश्न. मी म्हणाले, काँक्रीट चांगलं असेल तोवर धोका जवळजवळ नाही, पण भिंतीचं आणि छताचं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिनं फार वेळ घेतला नाही. "हळद-मिरची उघडी दळायची असते. मला रोज भिंतीकडे बघत दळायला जमणार नाही." तिचं युनिट चऱ्होलीच्या भाड्याच्या दोन खोल्यांतच राहील. पूर्ण शेड आता फॅब्रिकेशनला.

मला याचं फार वाईट वाटलं. शेड घ्यायचं मूळ कारणच तिचं युनिट होतं.

९ एप्रिल

घातक कचऱ्याची कागदपत्रं पूर्ण झाली. पाच आठवडे गेले, त्यातले तीन माझ्या चुकीनं. अर्जात मी मातीचं वर्णन 'दूषित माती' एवढंच लिहिलं. प्लेटिंगचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कुठल्या प्रक्रियेत बसतो ते नमूद करायला हवं होतं. धातूंवर पृष्ठप्रक्रिया ही १२ वी नोंद. कचरा घेणाऱ्या केंद्राकडून आधी नमुना मान्य करून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत अर्ज लिहा.

आजपासून फरशी फोडायला सुरुवात. पाणी मारत मारत, धूळ उडता कामा नये. माणसांना पूर्ण सूट, रबरी बूट, फिल्टरचे मास्क, सगळे मिळून २२,००० रुपये. एप्रिलच्या उन्हात सूटमध्ये चाळीस मिनिटांपेक्षा जास्त काम होत नाही. ठेकेदारानं आठ तासांचा हिशोब केला होता, प्रत्यक्ष काम साडेतीन तासांचं व्हायचं. त्याचा रोज वाढवून दिला. माणसांना घाई करायला लावणं मला मान्य नव्हतं.

१७ एप्रिल

खोदताना प्रत्येक वेळी लॅबची वाट बघता येत नाही. डायफेनिल कार्बाझाइडचं द्रावण ॲसिटोनमध्ये करून ठेवलं. चमचाभर माती पाण्यात हलवायची, गाळायची, थोडं आम्ल, मग हे थेंब. हेक्सा असेल तर जांभळा-गुलाबी रंग. आकडा कळत नाही, पण पुढं खोदायचं की थांबायचं हे कळतं. संपूर्ण कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

२४ एप्रिल

आजचा दिवस सविस्तर लिहिते, कारण आज माणूस दगावू शकला असता.

हेक्साचं ट्राय करायला सगळ्यात स्वस्त रसायन म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार). हिशोब सरळ आहे, एक ग्रॅम हेक्सा क्रोमला सुमारे १६ ग्रॅम हिराकस लागतो. मातीत बाकी गोष्टीही तो खातात, म्हणून दुप्पट धरायचा. जुन्या नालीचा झिंकच्या बाजूचा पट्टा फार खोल नव्हता, तिथं माती न उचलता जागच्या जागी हिराकसाचं पाणी जिरवायचं ठरवलं. हिराकस लवकर विरघळावा आणि लोखंड गंजून खाली बसू नये म्हणून मी द्रावणात थोडं गंधकाम्ल घातलं होतं.

दहा मिनिटांत नालीच्या शेवटच्या टोकाला माती निळी पडली. गडद, शाईसारखी निळी. प्लेटिंगच्या शेडमध्ये लोखंड ओतल्यावर निळं दिसलं की ते प्रशियन ब्लू, म्हणजे खाली सायनाइड. मालकानं आम्हाला झिंकची लाइन ॲसिड झिंकची होती असं सांगितलं होतं. तसं असतं तर सायनाइड असायचं कारण नाही. मी त्या शब्दावर विश्वास ठेवून तपासणीच्या यादीत सायनाइड घेतलं नव्हतं. आणि सायनाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

मी ओरडून चौघांना बाहेर काढलं, दोन्ही शटर उघडली. वास कुणालाच आला नाही, पण तो कडू बदामाचा वास सगळ्यांना येतोच असं नाही, त्यामुळे वासावर भरवसा ठेवायचा नाही. अर्ध्या तासानं भाड्याचा गॅस डिटेक्टर आला, त्यात काही दिसेना, मग मास्क लावून मी आणि ठेकेदार आत गेलो आणि त्या पट्ट्यावर चुन्याची निवळी ओतून आम्लता मारली. एका मुलाचं डोकं दुखत होतं. चौघांनाही दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. सगळे ठीक.

रात्री झोप लागली नाही. ज्या कारखान्यात झिंक, तांबं किंवा कॅडमियम प्लेटिंग झालंय, तिथं सायनाइड आहे असं धरूनच सुरुवात करा. तपासणीत 'नाही' आल्याशिवाय आम्लाची बाटली आत नेऊ नका.

२ मे

मामांना विचारलं. १९९५ च्या आधी सायनाइड झिंकच होतं, ॲसिड झिंक नंतर आलं. मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. निळ्या पट्ट्याची माती वेगळी उचलली, चुना मिसळून कोरड्या जागी झाकली. क्रोमच्या मातीत मिसळायची नाही.

२१ मे

ऑफिसची खोली पाडली. मोठा खड्डा, ४ बाय ३ मीटर, १.८ मीटर खोल. खाली मुरूम, त्याखाली फुटका दगड. अजून थोडं खोदून जूनच्या पहिल्या आठवड्यात बुजवायचा. पावसाला वेळ आहे असं आम्ही धरलं.

२६ मे

मान्सून आज मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर तो गेल्या ७५ वर्षांत आला नव्हता. पुण्यात तर आठवडाभर आधीपासूनच धो धो. खोली पाडल्यामुळे वरचे पत्रे उघडे पडलेले, ताडपत्री वाऱ्यानं फाटली. सकाळी जाऊन पाहिलं तर खड्डा कडेपर्यंत भरलेला, पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं.

हे पाणी नाल्यात सोडायचा विचारही करायचा नाही, हे मी ठेकेदाराला दोनदा बजावलं. त्याला त्यात गैर वाटत नव्हतं, कारण सगळ्या वसाहतीचं पाणी त्या दिवशी नाल्यातच वाहत होतं. पाच हजार लिटरच्या चार प्लास्टिक टाक्या भाड्यानं आणल्या. आधी सायनाइड तपासलं, नव्हतं. मग १८,००० लिटर उपसलं. हेक्सा ६२ मिलिग्रॅम प्रतिलिटर.

इथं मात्र मी माझ्या कामात होते. पीएच अडीचवर आणला, सोडियम मेटाबायसल्फाइट हळूहळू सोडलं, पिवळं पाणी हिरवट झालं. मग चुन्यानं पीएच साडेआठवर. ट्राय क्रोम गाळ होऊन खाली बसला. हे उघड्यावरच करावं, मेटाबायसल्फाइटचा वायू घसा जाळतो. वरचं पाणी परवानगी असलेल्या प्रक्रिया केंद्राकडे टँकरनं, गाळ मातीबरोबर. सगळं मिळून १,१२,००० रुपये आणि तीन आठवडे. ताडपत्रीऐवजी २५,००० ची पत्र्याची शेड घातली असती तर यातलं काहीच झालं नसतं. खड्डा आहे तोवर त्यावर पक्कं छप्पर हवं, महिना कुठलाही असो.

आणि जे उपसता आलं नाही ते पाणी मुरमातून खाली गेलं. किती, ते मला सांगता येणार नाही.

२० जून

गाड्या आज यायच्या होत्या. काल संध्याकाळी आळंदीहून माउलींची पालखी निघाली, आज दिघी-भोसरीचा रस्ता वाहनांना बंद. हे मला आधी सुचायला हवं होतं. दुपारी पालखीचं दर्शन घेऊन आलो. मामा तिथं भेटले.

२४ ते २७ जून

तीन खेपांत ४६ टन माती रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात गेली. वाहतूक आणि स्थिरीकरण धरून टनाला ७,४०० रुपये. प्रत्येक गाडीसोबत फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्याचं चलन, सात रंगांच्या सात प्रती. आपल्या प्रती जपून ठेवा. पुढं जागा विकताना माती गेली कुठे, याचा हाच पुरावा.

१२ जुलै

खड्ड्याच्या तळाचे आणि चारी भिंतींचे नमुने, ३१,००० रुपये. २.२ मीटरवर अखंड पाषाण लागला, तिथं थांबलो. तळाशी हेक्सा ९. तीन भिंती १ च्या खाली. चौथी भिंत शेजाऱ्याच्या पायाखाली, तिथं ३८. तिथं खोदलं तर त्याची भिंत कोसळेल.

म्हणजे जमीन पूर्ण साफ झाली नाही. हे आम्ही मान्य करून पुढं गेलो. तळाला आणि चौथ्या भिंतीला हिराकस, या वेळी आम्लाशिवाय, मग स्वच्छ मुरूम, वर एक मिलिमीटरची एचडीपीई (प्लास्टिकची) शीट, वर १५० मिलिमीटर काँक्रीट. वरून पाणी खाली जाणार नाही, म्हणजे खालचं विष हलणार नाही, एवढाच या आवरणाचा हेतू. शेजाऱ्याला लेखी कळवलं. त्याला राग आला, तो रास्त होता.

३० जुलै

केंद्र सरकारनं याच महिन्यात दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मग राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. नियम हवेच होते. देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं १०३ जागा दूषित म्हणून नोंदवल्या आहेत आणि सफाई त्यातल्या मोजक्याच ठिकाणी सुरू झालीय. तमिळनाडूत रानीपेटला क्रोमचा दोन लाख टनांहून जास्त गाळ वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला. पण भोसरी, सातपूर, वागळे इस्टेटमधल्या सहाशे मीटरच्या प्लॉटपर्यंत ही यादी कधी पोहोचेल? तिथं जेवणाचे डबे उघडणारी माणसं आजच आहेत. म्हणून घेणाऱ्यानंच आधी तपासावं, आणि विकणाऱ्यानं सगळा इतिहास कागदावर द्यावा असा आग्रह धरावा. आमच्या खरेदीखतात ते कलम नव्हतं.

२३ ऑगस्ट

बोअरचा नमुना. ०.२४. उतरलाय, पण हा पावसाचा परिणामही असू शकतो. उन्हाळ्यातला आकडा आल्याशिवाय काही बोलायचं नाही.

१४ सप्टेंबर

पूर्वेच्या भिंतीवर, नव्या गिलाव्यातून, जमिनीपासून हातभर उंचीवर पिवळ्या क्षाराची फुलं उमटली. कार्बाझाइडचा थेंब टाकला, जांभळा झाला. विटांच्या आत राहिलेलं हेक्सा ओल घेऊन वर चढतंय आणि सुकताना बाहेर येतंय. मी माती बदलली आणि भिंतीवर नुसता गिलावा केला, ही शेवटची मोठी चूक. गिलावा डागाच्या वर आणखी वीटभर उंचीपर्यंत फोडला, विटा हिराकसाच्या पाण्यानं चार वेळा भिजवल्या, खालचे तीन थर टप्प्याटप्प्यानं काढून नवे घातले, मधे ओलरोधक थर दिला. काढलेल्या विटा ड्रममध्ये. वहिनी ते बघायला आली होती. काही बोलली नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दादाच्या वेल्डिंग मशीनची आणि शिअरिंगची पूजा झाली. काम सुरू.

खर्च, ज्यांना अंदाज हवाय त्यांच्यासाठी : तपासण्या तीन फेऱ्यांच्या मिळून १,१५,२००. माती पाठवणं ३,४०,४००. पावसाचं पाणी १,१२,०००. फोडणं, खोदणं आणि मजुरी १,३८,०००. हिराकस आणि चुना १९,०००. सुरक्षा साहित्य २२,०००. शीट आणि काँक्रीट २,०५,०००. भंगारवाल्यानं ओतलेला गाळ आणि ड्रम ३८,०००. एकूण ९,८९,६००. सुरुवातीला आम्ही दीड लाख धरले होते. सप्टेंबरच्या भिंतीचं बिल अजून यायचंय. डक्ट आणि सिमेंटचे पत्रे अजून वर तसेच आहेत. पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे, ते फोडून नाही, ओले करून, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचे आहेत. ते काम जानेवारीत, तोवर त्या बाजूला कुणी बसणार नाही.

बोअरचा पुढचा नमुना १५ डिसेंबरला, मग मार्च आणि मे. शेजाऱ्यानं त्याच्या बाजूनं एक नमुना घ्यायला होकार दिलाय. पैसे आम्ही देणार.